लाल, हिरवा आणि आडवा पट्टा

रंगांवर इतकं बोलणारा आणि रंग इतके कमी दिसणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात आमच्या साडूंशिवाय दुसरा सापडायचा नाही. लाल आणि हिरवा त्यांच्या डोळ्यांना जुळे भाऊ. मिरची हिरवी की लाल हे ते चावून ठरवतात, टोमॅटो दाबून घेतात, आणि बायकोने नवी साडी दाखवून रंग विचारला की "तुला शोभंल असाच हाय" म्हणून मोकळे होतात.

हे साडू जिंतूरला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहितात. प्रोग्राम लिहायच्या त्यांच्या पडद्यावर, म्हणजे एडिटरमध्ये, चुकीची ओळ लाल पट्ट्यात उजळते आणि शोधलेला शब्द हिरव्या. साडूंना दोन्ही सारखेच. शब्द शोधायला जावं तर पडदाभर चुकाच चुका. एकदा त्यांनी धडधाकट ओळी चुकीच्या समजून पुसल्या. साहेब फोनवर गोड आवाजात म्हणाले, "पुन्हा असं झालं तर पुण्याला येऊन बसा." साडूंना पुणं नकोच होतं. येलदरीकडच्या गावात त्यांचे वडील, अप्पा, एकटेच मेंढरं राखून राहतात. ते गाव सोडायचे नाहीत, आणि साडूंना अप्पा सोडवायचे नाहीत.

मग रंगांची समजूत काढणं सुरू झालं. चुकीला निळा द्यावा, तर तो निवडलेल्या मजकुराने आधीच अडवलेला. पिवळा द्यावा, तर त्यात अक्षरंच बुडत. शेजारी, किराणावाला, पोस्टमन, जो दारात येईल त्याला खुर्चीत बसवून विचारत, "खरं सांगा भाऊ, ह्ये दोन येगळे दिसायलेत का?" मलाही बसवलं. मला सगळंच वेगळं दिसलं, त्याचा त्यांना काडीचा उपयोग झाला नाही.

त्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गावी गेलो. अप्पा मेंढरांवर रंगाने खुणा करत होते. तिकडे चारदोन घरांचे कळप एकत्र चरतात, म्हणून ज्याच्या त्याच्या मेंढरांच्या पाठीवर रंगाचा ठिपका असतो. कुणाचा लाल, कुणाचा हिरवा. अप्पांच्या मेंढरांवर मात्र आडवा पट्टा. साडू लहानपणी दुसऱ्यांचीच मेंढरं हाकून घरी आणायचे, तेव्हापासूनचा.

"अप्पा, आता कशाला पट्टा? मी कुठं मेंढरं राखायलोय?" साडू म्हणाले.

अप्पांनी रंगाचा हात धोतराला पुसला. "तू येतूस की अधनंमधनं. आल्यावर तुला आपली वळखू यायला नगंत का?"

जिंतूरला घरी आल्याबरोबर साडूंनी एडिटरमधल्या चुकीच्या ओळीचा लाल पट्टा काढून टाकला आणि तिच्याखाली जाड रेघ ओढली. रंगांचं भांडण मिटलं, पुणंही टळलं.

परवा मी त्यांना विचारलं, "रेघेला रंग कोणता दिलात?"

"कुठलाबी असंना," साडू म्हणाले. "आपली वळखू येती." आणि चूक दुरुस्त करायची सोडून त्या रेघेकडे बघत बसले.