चाळिशीनंतरचे गुण

टोकियोच्या इमिग्रेशन ऑफिसात एक अनोळखी बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. फोनवर सासूबाईंशी मराठीत बोलतानाही जपानी सवयीने कमरेतून वाकत होत्या. फोन ठेवून त्यांनी माझा पडलेला चेहरा पाहिला.

"गुण भरत नाहीयेत का?"

इथे डिग्री, पगार, वय, जपानी भाषा यांचे गुण मोजून व्हिसासाठी कुशल माणूस निवडतात. आपल्याकडे वय वाढलं की मान वाढतो, इथे गुण कापतात. वाढदिवस म्हणजे दंडच!

"जेमतेम भरतायत," मी म्हणालो. "पुढच्या आठवड्यात पस्तिशी. त्याआधी अर्ज द्यायलाच हवा."

त्या खळखळून हसल्या. "माझे तर चाळिशीला वयाचे सगळेच गेले. नवरा म्हणाला, संपलं आता. म्हटलं, थांब जरा. निशी-कसाईहून ऑफिसला जाताना रोज मेट्रोत उभ्याने जपानी शिकले, परीक्षा दिली. गेले त्याहून जास्त आणले. वय त्यांनी मोजावं, मी कशाला मोजत बसू?"

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. खिडकीतल्या माणसाने अदबीने, अगदी हळू आवाजात जन्मतारीख विचारली. त्यांनी ती स्वच्छ जपानीत, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी सांगितली.

मग माझा नंबर आला. मीही कुजबुजलो नाही.