बोटभर उतार

"पाण्याला वाट काढून द्या, नाहीतर ते आपली आपण काढून घेतं."

हे वाक्य दाजी दिवसातून किती वेळा म्हणत, याची मोजदाद कुणी ठेवली नाही. कुदळ उचलताना म्हणत, डबा उघडताना म्हणत. एकदा दाढ काढायला गेले तेव्हा डॉक्टरलाही ऐकवलं, आणि डॉक्टरनं त्यांना मुकाट्यानं चूळ भरायला सांगितली.

ते दाजी होते खरे तर एकाच माणसाचे. जंगलाच्या तोंडाशी सायकली दुरुस्त करायची शेड होती. तिथला मिस्त्री त्यांचा धाकटा मेहुणा. तो बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणे. त्याचं ऐकून फावडेवाले म्हणायला लागले, मग खिडकीवरची तिकीटवाली, मग तिथला कारभार बघणारे साहेब. पुढं पुढं तर हेल्मेट घातलेली अनोळखी माणसंही विचारायची, "दाजी, लाल वाट उघडली का?" त्यांची बायको म्हणे, एवढे भाऊ माझ्या आईनं मला कधी दिले होते?

त्या डोंगरउतारावरच्या जंगलात सायकलींसाठी वाटा होत्या. नुसत्या सायकलींसाठी. हिरव्या पाटीची वाट नवशिक्यांची, निळी जरा सरावलेल्यांची, लाल धीट माणसांची, आणि काळी ज्यांना घरी कुणी विचारत नाही त्यांची, असं मिस्त्री म्हणायचा. ट्रकनं सायकली वर न्यायच्या आणि झाडांमधून, मुळांवरून, वळणावळणानं खाली यायचं. या सगळ्या वाटा दाजींच्या हातच्या. ते तिथले मुकादम. वीस वर्षांत त्यांनी त्या डोंगरावरच्या एकाही वाटेला यंत्राचा हात लागू दिला नाही. कुदळ, फावडं, घमेलं, माती चोपायची धुम्मस, एवढ्यावर काम.

त्यांचा बाप कालव्यावर पाटकरी होता. पाणी कुठं रेंगाळतं, कुठं पळतं, कुठं लबाडी करतं, हे दाजी चालायला लागायच्या आधी शिकले. म्हणून त्यांची प्रत्येक वाट दरीच्या अंगाला जराशी कललेली असे. हातभर रुंदीला बोटभर उतार, ना कमी ना जास्त. पाणी वाटेवर आलं की आडवं निघून जावं, लांब धावू नये. धावलं तर चर पडतो, चरात चाक जातं, चर खोल होतो, आणि दोन वर्षांत वाटेचा ओढा होतो. नवा गडी कामाला आला की दाजी त्याला अनवाणी वाटेवर उभं करत, डोळे मिटायला लावत आणि विचारत, कुठला पाय खाली आहे? ज्याला सांगता आलं नाही त्याच्या हातात महिनाभर फक्त घमेलं. शेडमध्ये खुंटीला पाणसळ टांगलेली होती, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली, गवंडी वापरतात तशी. तिच्यावर धूळ होती. दाजी म्हणत, ती ज्यांना पाय नाहीत त्यांच्यासाठी.

आणि गंमत अशी की त्यांना स्वतःला सायकल येत नव्हती. लहानपणी मिळाली नाही, मोठेपणी पडायची लाज वाटली. मिस्त्री आल्यागेल्याला सांगे, "आमच्या दाजींनी डोंगरभर सायकलवाटा केल्या आणि आमची ताई अजून त्यांच्याबरोबर बाजाराला पायीच जाते." दाजी ऐकून न ऐकल्यासारखं करत. वाट पायानं कळते, चाकाला काय कळतं, असं त्यांचं पक्कं मत होतं.

पुढं साहेबांनी ठरवलं, हिरवी वाट सगळ्यांसाठी करायची. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांच्यासाठीसुद्धा. त्याला कारण भूगोलाच्या बाई. या बाई शाळेत शिकवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी लाल वाटेवरून अशा सुटायच्या की फावडेवाले काम थांबवून बघत. मग मणक्याचा आजार झाला आणि कमरेखालचं सगळं गेलं. चार वर्षं त्या डोंगराकडे फिरकल्या नाहीत. एक दिवस त्यांची तीनचाकी आली, खोक्यात, सुट्या भागांची. हातानं पॅडल मारायची, जमिनीला टेकल्यासारखी बैठक, पाय पट्ट्यांनी बांधायचे. मिस्त्रीनं दोन दिवस बसून ती जोडली. हिरव्या वाटेच्या तोंडाशी पाटी लागली, 'सर्वांसाठी'.

दाजींनी वाट रुंद केली, मुळं काढली, वळणं सैल केली. उतार तोच ठेवला. तो चुकायचा प्रश्नच नव्हता.

पहिल्या दिवसापासून बाईंच्या मागं दोन गडी धावायचे, बैठकीच्या पाठीला हात लावून. बाईंना ते बिलकूल आवडेना. तिसऱ्या खेपेला त्यांनी गड्यांना वरच थांबवलं आणि एकट्या निघाल्या. दुसऱ्या वळणाच्या अलीकडे तीनचाकी दरीच्या अंगाला कलंडली आणि बाई नेच्यांच्या झुडपात. कोपर सोलवटलं, चष्मा सापडायला अर्धा तास लागला. पण साहेब हबकले. त्यांनी सांगून टाकलं, दोन माणसं मागं असली तरच वाट मिळेल. बाई म्हणाल्या, मग नको. मला ढकलायला घरी माणसं आहेत, त्यासाठी डोंगर कशाला?

बोलाचाली बरीच झाली. शेवटी साहेब एवढ्यावर आले की पावसाळ्याआधी बाईंनी त्यांच्यासमोर वरपासून खालपर्यंत एकटीनं, न कलंडता उतरून दाखवायचं. जमलं तर वाट त्यांची. नाहीतर पाटी उतरवायची आणि तो विषय पुन्हा काढायचा नाही.

दाजी म्हणाले, दोष वाटेचा नाही. बैठक बघा, चाकं बघा. मिस्त्रीनं तीनदा सगळं उघडलं, तीनदा जोडलं. गाडी खणखणीत. बाई शेडच्या दाराशी आपल्या खुर्चीत बसून हे बघत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "दाजी, एकदा बसून बघा." दाजींनी टोपी सारखी केली आणि निळ्या वाटेवर पडलेलं झाड बघायला निघून गेले. ते झाड दोन दिवस तसंच पडून होतं, त्याची एवढी घाई कुणालाच नव्हती.

त्या संध्याकाळी घरी ते जेवणाच्या टेबलावर ताटाखाली घडी केलेला कागद सारून बघत होते. ताट कलायचं, वरण एका कडेला जमायचं. बायकोनं दोन वेळा कागद काढून टाकला. तिसऱ्यांदा तिनं हात धरला. काय चाललंय विचारल्यावर दाजींनी सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले की एवढा उतार कुणाला जाणवतसुद्धा नाही. शंभर माणसं चालली, शंभर सायकली गेल्या, कुणी बोललं का?

"अहो, उतारावर तुम्ही एक गुडघा वाकवता," ती म्हणाली, "तुम्हाला कळतही नाही कधी वाकवला ते. तिनं काय वाकवायचं?"

दाजींनी कागद खिशात ठेवला आणि जेवले.

दुसऱ्या दिवशी शेड उघडायच्या आत ते दारात हजर. मेहुण्याला म्हणाले, मला त्यात बसव. मिस्त्रीच्या जिभेवर काय काय आलं असेल, पण दाजींचा चेहरा बघून त्यानं ते गिळलं. त्यानं त्यांना बैठकीत बसवलं, पाय पट्ट्यांनी घट्ट बांधले आणि ट्रकनं हिरव्या वाटेच्या तोंडाशी नेऊन सोडलं. मागं चालत राहिला.

वीस पावलांत दाजींचा डावा दंड भरून आला. दोन चाकांची सायकल चालती असली की कललेल्या वाटेवरही सरळ राहते, जमीन कशीही असो. तीनचाकी जमिनीसारखीच कलते, आणि तिच्यात बांधलेला माणूसही. वाट सबंध वेळ त्यांना दरीकडे ओढत होती, हळूच, बोटभर. ते सगळं अंग उजवीकडे रेटत होते. दुसरं वळण दिसायला लागलं तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला. कपाळाचा घाम डोळ्यांत जात होता आणि तो पुसायला हात सोडायची हिंमत होत नव्हती. मिस्त्रीनं पाठीला हात लावला.

"हात काढ," दाजी म्हणाले. मिस्त्रीनं काढला. झाडांच्या शेंड्यांवर ऊन आलं. शेवटी त्यांनी विचारलं, "बाई इथपर्यंत अशा आल्या होत्या?"

"तीनदा," मिस्त्री म्हणाला.

पट्ट्या सोडल्यावर दाजी उठले ते थेट शेडमध्ये गेले आणि खुंटीवरची पाणसळ काढून सदऱ्याच्या बाहीनं पुसली.

सगळी हिरवी वाट उकरायची, हे ऐकून गड्यांचे चेहरे उतरले. ज्यांना महिना महिना घमेलं उचलायला लावून दाजींनी उतार शिकवला होता, त्यांनाच आता तो मोडायचा होता. एकानं विचारलं, म्हणजे आम्हाला इतकी वर्षं चुकीचं शिकवलं? दाजी थोडा विचार करून म्हणाले, चुकीचं नाही, अर्धं शिकवलं. उरलेलं मलाही आत्ताच कळतंय.

पण पाण्याचं काय करायचं? सपाट वाटेवर ते थांबणारच. आठ दिवस दाजी नुसते त्या वाटेवर वर-खाली फिरले. मग त्यांनी वाट आडवी सपाट केली आणि लांबीला तिला लाट दिली. पंधरा पावलं उतरायचं, मग जराशी खोलगट जागा, मग दोन पावलांचा चढ, की पुन्हा उतार. प्रत्येक खोलगटीतून दरीकडे तोंड. पाणी तिथवर चाकांबरोबर येईल आणि तिथं निरोप घेईल. दर दहा पावलांना पाणसळ लावून बुडबुडा मधोमध आल्याशिवाय धुम्मस चालायची नाही. एक टप्पा झाला की पिंपातलं पाणी वरून सोडायचं आणि दाजी वाटेवर पालथे पडून, गाल मातीला लावून, ते कुठं जातंय बघायचे. तिकीटवालीला पहिल्यांदा ते तसे दिसले तेव्हा ती औषधाची पेटी घेऊन धावत आली होती.

नऊ आठवडे लागले. दाजींची पाठ धरली, दोन गडी काम सोडून गेले, साहेब रोज आकाशाकडे बघत.

ठरल्या सकाळी साहेब आले, खालच्याशी बोलायची बिनतारी हातात. खाली शेवटाला तिकीटवाली उभी. बाईंनी हातमोजे चढवले, चष्मा दोरीनं मागं बांधला. सवयीनं दोन गडी पाठीमागं जाऊन उभे राहिले. दाजींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, तसे ते बाजूला झाले. मिस्त्रीचे हात आपसूक पुढं यायला लागले तेव्हा दाजी म्हणाले, "खिशात घाल."

बाई निघाल्या. पहिली लाट, दुसरी लाट. मग वळण, मग नुसता खडीचा आवाज, मग तोही नाही. साहेब बिनतारी कानाला लावून उभे. दाजी वाटेच्या कडेला बसले आणि माती चिमटीत घेऊन चुरत राहिले. दुसऱ्या वळणाकडून काही ऐकू येतं का, याकडे त्यांचा सगळा जीव लागला होता. किती वेळ गेला कोण जाणे. मग बिनतारी खरखरली आणि तिकीटवालीचा आवाज आला, "आल्या. सरळ आल्या. इथं माझ्यासमोर आहेत." तिच्या आवाजामागं बाईंचं हसू ऐकू येत होतं.

ट्रकनं त्यांना वर आणलं. गालावर चिखल, केसांत पान. साहेबांनी हात पुढं केला, मिस्त्री काहीतरी बोलायला तोंड उघडून उभा होता. बाईंनी आधी दाजींना शोधलं.

"दाजी, तिसऱ्या वळणानंतरची खोलगट जागा फार खोल आहे," त्या म्हणाल्या. "पाठ दणकली माझी."

साहेबांचा चेहरा पडला. मिस्त्री पुटपुटला, झालं, आता दोन मुकादम. दाजी उठले. किती खोल, असं त्यांनी विचारलं. बाईंनी हवेत तळहात धरून दाखवला, मग थोडा वर केला. दाजींनी मान डोलावली, आणि बाईंनी पाहिलं की ते खूश आहेत.

त्यांनी झाडाला टेकवलेलं फावडं घेतलं, पाणसळ काखेत धरली आणि हिरव्या वाटेनं खाली निघाले. साहेब फोनवर बोलत होते. गडी चहाकडे वळले होते. बाई पट्ट्या न सोडता तशाच बसून होत्या, आणि शेजारी मिस्त्री खिशात हात घालून उभा होता. पहिल्या लाटेत दाजी गुडघ्यापर्यंत दिसेनासे झाले, चढावर पुन्हा पूर्ण दिसले, पुन्हा बुडाले. वळणावर झाडांनी त्यांना घेतलं, तरी ते दोघं त्या बाजूला बघत राहिले.