चमच्यावरचा कुत्रा

घराण्याचा मान एकदा चांदीत कोरला की तो पिढ्यानपिढ्या टिकतो, असं म्हणतात. काल लीड्सच्या एका जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमध्ये चांदीच्या पॉलिशचा उग्र वास आला आणि मी तीस वर्षांपूर्वीसारखा, बॉसच्या घरी जेवायला बसल्यागत, चुळबुळू लागलो.

हॉस्पिटलमधली माझी कायमची नेमणूक त्यांच्याच हातात होती. त्यांच्या पत्नी चमच्यांवर कोरलेलं घराण्याचं चिन्ह अभिमानाने दाखवत होत्या. धावता कुत्रा. माझी बायको सुधा आपला चमचा निरखत त्यांना इंग्रजीत म्हणाली, "चमचे शेजाऱ्यांकडे गेले तर ओळखायला बरं, नाही? आम्हीही भांड्यांवर नावं घालतो."

मी मराठीत पुटपुटलो, "सुधा, पुरे."

"अहो, पण माझ्या चमच्यावर कोंबडा आहे!" म्हणत तिने चमचा बॉससमोर धरला.

बॉसनी चष्मा लावला. तो चमचा त्यांनी कितीतरी वेळ उलटासुलटा केला. तेव्हा मला तिची लाज वाटली होती. आता वाटतं, त्या खोलीत चमच्यावरचं चिन्ह नीट वाचणारी ती एकटीच होती.

नेमणूक मला मिळाली. कोंबडा शेजारच्या घराण्याचा निघाला.