आबांनी आज धोतर नेसलं

मंडळी, लग्नाहून आत्ताच अर्धापूरला परतलो आणि आधी हे लिहितोय.

न्हाणीत पडल्यापासून माझ्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, धोतर सोडलं होतं. ते उभ्यानं नेसावं लागतं. खाटेवर बसून पायजमा घालायचे, पण पायजम्यात लग्नाला जायची त्यांना लाज वाटायची.

गेले काही महिने ते विहारात ताय ची शिकतात. सावकाश हालचालींच्या त्या चिनी व्यायामानं तोल सुधारतो.

आज त्यांनी धोतर मागितलं. भिंतीला हात न लावता नेसू लागले. मी मागं हात पसरून उभा.

"काय करून राहिला रे?"

"आबा, पडाल!"

"मी न्हाई पडत. तूच बस, तुझेच पाय लटपटून राहिले."

मी खरंच बसलो. त्यांनी शांतपणे कासोटा खोचला.

तुमच्या घरातल्या थोरांनी पडायच्या भीतीनं काय सोडलंय? विचारलंय कधी?