देवाचं एकदा ठरवा

ग्रेसचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. "मावशी, आई गेली... सकाळी प्रार्थना करून परत जरा आडवी झाली, ती उठलीच नाही." पुढं ती काय बोलली ते मला आठवत नाही. मार्थाताई घोलप गेल्या त्याला आता दीड महिना होत आला. इंदूरच्या मिल एरियातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत आम्ही दोघींनी शेजारशेजारच्या वर्गांत सारी नोकरी काढली. मधली भिंत इतकी पातळ होती की त्यांचे पाढे माझ्या वर्गाला पाठ व्हायचे. त्या ख्रिस्ती, अहमदनगरकडून सून होऊन इकडं आलेल्या. मी गणपती-गौरीच्या घरातली. त्या माझ्यापेक्षा वयानं मोठ्या, म्हणून मी त्यांना "अहो ताई" म्हणायची आणि त्या मला "अगं विद्या".

कबरस्तानात नव्या, तरुण पाळकसाहेबांनी चांगलं भाषण केलं. "देव पापाचा द्वेष करतो, पाप्यावर मात्र प्रेम करतो," असं ते म्हणाले आणि मंडळींनी माना डोलावल्या. मला त्या प्रसंगातही वाटलं, ताई आत्ता इथं उभ्या असत्या तर चष्मा सारखा करून म्हणाल्या असत्या, "साहेब, इतकं सोपं नसतं हो ते." त्या साहेबांना बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं की याच एका वाक्याशी ही बाई अर्धं आयुष्य भांडली होती.

ताईंचे यजमान यशवंतराव मिलमध्ये सूतखात्यात होते. उंच, हसरा माणूस. नाताळात गल्लीभर करंज्या वाटत फिरायचा आणि आमच्याकडं आला की "वहिनी, तुमच्या दिवाळीचा बदला घ्यायला आलो" म्हणायचा. मग मिल बंद पडली. एकदम नाही पडली, आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग लोक नुसतेच फाटकावर जाऊन उभे राहायचे. ज्या भोंग्यावर आमच्या शाळेची घंटा व्हायची तो भोंगा एका सकाळी झालाच नाही. शहरात तेव्हा नवीन शोरूम उघडत होते, घरोघरी केबल आली होती, पेपरात रोज वाचावं तर देश धावत सुटला होता... आणि आमच्या गल्लीत भर दुपारी पुरुष ओट्यांवर बसलेले दिसायचे. ताईंच्या पगारावर घर चाललं. यशवंतरावांना तेच सहन होईना. ते प्यायला लागले.

दारू मिळायची शमूकडं. शमुवेल त्याचं नाव, पण सगळे इंदुरी थाटात शमू भियाच म्हणायचे, भिया म्हणजे भैया. तो यशवंतरावांच्याच खात्यातला आणि त्यांच्याच चर्चचा, दोघं एका बाकावर बसून गाणी म्हणायचे. मिल गेल्यावर त्यानं घराच्या मागल्या दारानं बाहेरून आणलेली दारू विकायला सुरुवात केली. एकदा दिवेलागणीला ताई नवऱ्याला शोधत त्या मागल्या दाराशी गेल्या. आत शमू कुणाला तरी सांगत होता, "कालच्या मालानं दोघं-तिघं उलट्या करून राहिलेत यार. पण आता फेकू कुठं एवढं? पाणी घाल, चालून जाईल." ताईंनी ते कानांनी ऐकलं. आत जाऊन पाहिलं तर यशवंतरावांचा पेला रिकामा झालेला होता. सकाळी ते उठले ते डोळे चोळतच. "मार्था, सगळं पांढरं पांढरं का दिसतंय गं?" एवढंच त्यांनी ताईंना विचारलं. संध्याकाळपर्यंत दवाखान्यात ते गेले. त्या आठवड्यात गल्लीतून आणखीही प्रेतं निघाली. शमूला पोलिसांनी नेलं. ग्रेस तेव्हा शाळेत जाणारी पोर होती.

खटला उभा राहायच्या आधी चर्चचे पंच ताईंच्या घरी आले. मी तिथंच होते, चहा मीच केला. त्यांच्यातले सगळ्यात वडीलधारे गृहस्थ फार मायेनं बोलले. "मार्थाबाई, झालं ते भयंकर झालं. पण शमू आपलाच माणूस आहे. मंडळीची बदनामी होतेय. तुम्ही जे ऐकलं ते कोर्टात नाही सांगितलं तर... देव पाप्यावर प्रेम करतो, बाई. पापाचा द्वेष करावा, पाप्याचा करू नये." ताईंनी हातातली कपबशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "पाप काय अंगातला शर्ट आहे का मामा, काढून खुंटीला टांगायला? माझ्या नवऱ्याला पापानं नाही मारलं. शमूनं मारलं. शास्त्रात दोन्ही लिहिलंय, मी पण वाचते. देव दुष्टाई करणाऱ्याचा द्वेष करतो असं दाविदाच्या स्तोत्रात आहे, नुसत्या दुष्टाईचा नाही. ते पान तुम्ही वाचत नाही का?" पंच उठून गेले. जाताना एक जण कुजबुजला, दुःखानं बाईचं डोकं ठिकाणावर नाही. पण मी तुम्हाला सांगते, इतकं ठिकाणावर असलेलं डोकं मी दुसरं पाहिलं नाही.

त्यानंतर शमूची बायको सुमन आली आणि दारातच ताईंच्या पायांवर पडली. दोन मुलं पदराला. ताईंनी तिला उठवलं, पाणी दिलं. "सुमन, मी खोटं बोलणार नाही. ते मागू नको. पण पोरांना शाळेत पाठव. माझ्या वर्गात पाठव." सुमननं पाठवली. ताईंनी त्या दोघांना इतर मुलांसारखंच शिकवलं. जास्त लाड नाहीत, जास्त छड्या नाहीत. त्या वर्षांत कधी कधी भिंतीपलीकडून पाढे मध्येच थांबायचे आणि मला कळायचं, यशवंतरावांच्या मारेकऱ्याचा मुलगा आत्ता उभा राहून उत्तर देतोय...

कोर्टात मी ताईंबरोबर गेले. आरोपीच्या वकिलानं खूप फिरवून फिरवून विचारलं, मग आवाज मऊ करून म्हणाला, "बाईजी, आपके धर्म में तो क्षमा सबसे बड़ी चीज़ है ना? फिर आप इस आदमी के पीछे क्यों पड़ी हैं?" ताई म्हणाल्या, "क्षमा मेरे धर्म में है, साहब। झूठ नहीं है।" वकील कागद आवरून खाली बसला. शमू कठड्यात खाली मान घालून उभा होता. त्याला सजा झाली. बाहेर आल्यावर मला वाटलं होतं, आता ताई रडतील किंवा सुटल्यासारखा श्वास तरी टाकतील. त्या नुसत्या टेम्पोच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. घरी पोचल्यावर म्हणाल्या, "विद्या, मला वाटत होतं सजा झाली की आतली आग विझेल. ती आहे तिथंच आहे गं."

ती आग किती होती ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. शमू सुटून आला तेव्हा केस पांढरे झालेले, पाठ वाकलेली. सुमन मधल्या काळात वारली होती, मुलं कामाला लागून पीथमपूरला राहत होती आणि बापाचं तोंड बघायला तयार नव्हती. तो येत्या रविवारी चर्चला येणार असल्याचं ताईंच्या कानावर आलं. आदल्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "उद्या माझ्याबरोबर चल. मला एकटीला जमणार नाही." मी गेले, मागच्या बाकावर बसले. त्या दिवशी प्रभुभोजन होतं. ख्रिस्ती मंडळी पुढं जाऊन गुडघे टेकतात आणि पाळक त्यांना भाकर आणि द्राक्षारस देतात. ज्याला ते दिलं जात नाही, तो मंडळीबाहेरचा. शमू सगळ्यांच्या शेवटी उठला. तो पुढं पोचायच्या आत तेच वडीलधारे पंच आडवे आले. "शमुवेल, तू नाही. तुझ्यासारख्यांचा देव द्वेष करतो. शास्त्रात लिहिलंय." शमू वळला. परत जायला त्यानं पाऊल उचललं, आणि ताई आपल्या जागेवरून उठल्या.

"मामा," त्या म्हणाल्या, "तेव्हा माझ्या घरी येऊन तुम्ही म्हणालात, देव पाप्यावर प्रेम करतो. आज म्हणताय, द्वेष करतो. तेव्हा तुम्हाला कोर्ट टाळायचं होतं, आज तुम्हाला हा माणूस टाळायचाय. देवाचं एकदा ठरवा."

मग ताईंचा आवाज उतरला. मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "तुम्हाला एक सांगते. हा तुरुंगात होता तितकी वर्षं मी रोज सकाळी याच्या मरणाची प्रार्थना केली. रोज. आणि याच तोंडानं इथं येऊन प्रभुभोजन घेतलं. तुम्ही मला दिलंत. कुणी अडवलं नाही, कारण माझ्या हातून काही झालं नव्हतं, नुसतं मनात होतं. देव द्वेष करत असेल तर माझाही करत असेल. याला देणार नसाल तर मलाही देऊ नका." आणि त्या चालत पुढं गेल्या आणि गुडघे टेकले. शमू होता तिथंच उभा होता. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, नुसती बाजूची जागा मोकळी सोडली. तेव्हाचे पाळकसाहेब म्हातारे, भिडस्त गृहस्थ. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी पंचांकडं न बघता शमूला हातानं खूण केली. दोघांना त्यांनी एकाच भाकरीचे तुकडे दिले.

परत येताना रस्त्यात मी विचारलं, "ताई, माफ केलंत त्याला?" त्या एकदम थांबल्या. "नाही गं. ते मला जमलंय असं वाटत नाही. त्याला बघितलं की ती आग अजून पेटते. पण देवानं कुणावर प्रेम करावं, हे माझ्या रागाला विचारून थोडंच ठरणार?" थोडं चालल्यावर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मी खूप वर्षं विचार केला, दोन्ही पानं खरी कशी असतील याचा. ग्रेस लहानपणी एकदा गॅसशी खेळत होती. मी तिला अशी चापटी मारली की बोटं उठली. त्या क्षणी मला तिचा इतका राग आला होता, इतका... शेजारच्यांच्या पोरीचा आला असता का? देवाचा राग तसा असेल. ज्याला सोडून दिलंय त्याच्यावर कोण एवढं चिडतं?" मग हसून म्हणाल्या, "पण हे माझं. पाळकसाहेबांना सांगू नको, म्हणतील बाई धर्मशास्त्र शिकवायला लागली."

मला त्यांचं उत्तर पुरतं पटलंय असं नाही. आमच्याकडं कर्माचा हिशेब असतो, तो मला जास्त सरळ वाटत आलाय. पण एखाद्या विचारासाठी आधी आपल्याच मंडळीतल्या सगळ्यांचा रोष पत्करायचा आणि पुढं त्याच विचारापायी स्वतःच्या रागाच्याही विरुद्ध उभं राहायचं, हे मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेलं नाही. पंचांनी काही वर्षं ताईंशी बोलणं टाकलं. ताईंनी रविवार एकही चुकवला नाही.

गेल्या शनिवारी ग्रेसनं मला कपाटं आवरायला बोलावलं होतं. ती आता एका मोठ्या दवाखान्यात नर्स आहे, लग्न केलं नाही, आईबरोबरच राहायची. आम्ही साड्यांच्या घड्या घालत होतो तेव्हा ओट्यावर कुणीतरी येऊन बसल्याचा आवाज झाला. ग्रेसचा हात थांबला. "शमू आलाय. आई गेल्यावर पहिल्यांदाच," ती म्हणाली. मग तिच्याकडून मला कळलं की गेली कित्येक वर्षं तो दर शनिवारी दुपारी यायचा. आत नाही, ओट्यावर. ताई त्याला चहा नेऊन द्यायच्या आणि दाराच्या आत खुर्ची टाकून बसायच्या. दोघंही अक्षर बोलायचे नाहीत. चहा झाला की तो नळावर कप विसळायचा, ओट्याच्या कडेला पालथा घालायचा आणि जायचा. मला ताईंनी हे कधी सांगितलं नव्हतं. शनिवारी मला एरवी यायला जमत नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं...

"मी कधी दिला नाही चहा," ग्रेस म्हणाली. "तो आला की मी मागल्या खोलीत जायची. मावशी, माझे बाबा होते ते." मी म्हटलं, "मी देऊन येते. नाही तर आता आई नाही, येऊ नका म्हणून सांगते." तिनं हातातली साडी घडी करून बाजूला ठेवली. मग उठली. स्वयंपाकघरातून पातेल्याचा आवाज आला. "त्याला शुगर आहे," ती आतून म्हणाली, कुणाला म्हणाली कोण जाणे. "आई बिनसाखरेचा करायची."

तिनं कप बाहेर ठेवला आणि परत येऊन दाराच्या आत, आईच्या खुर्चीत बसली. मी खिडकीतून बघत होते. म्हातारा दोन्ही हातांनी कप धरून हळूहळू प्यायला. नळावर जाऊन विसळला. पालथा घातला. निघताना त्यानं दाराकडं तोंड करून हात जोडले आणि पायऱ्या उतरायला लागला.

"पुढच्या शनिवारी माझी ड्यूटी आहे," ग्रेस म्हणाली. आवाज कोरडा, दवाखान्यात पेशंटला सांगावं तसा. तो भिंतीला धरून उभा राहिला. इतक्या वर्षांत त्या दारातून त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं.

"रविवारी या," ती म्हणाली.