बिननावाचं कडं

केरबाला नाव घालायची खोड जुनी. उदगीरला भांड्यांच्या दुकानात बसून त्याने हातोडी-पंचाने हजारो तांब्यांवर नावं घातली होती. कतारमधल्या मेसईदच्या वर्कशॉपात लेथवर टर्नर म्हणून बावीस वर्षं काढली, तरी केलेल्या प्रत्येक वस्तूच्या कडेला तो बारीक ‘के’ ठोकायचाच.

मी त्याच्या खोलीतला, कंपनीची बस चालवणारा. गुरुवारी तो कायमचा घरी निघणार होता. शुक्रवारी नातीचं बारसं. तिची आई म्हणजे त्याची लेक मोनाली; तिच्या बारशालाही हा इथेच होता.

शेवटचं काम दोह्यातल्या एका विद्यापीठातून आलं. तिथे शिकवणाऱ्या वसईच्या रॉयस्टन सरांना तांब्याचं कडं हवं होतं, युरोपातल्या एका प्रयोगासाठी. अणूतले न्यूट्रॉन भोवऱ्यासारखे फिरतात म्हणे. ते सगळे एका बाजूला वळवायचे, मग उलटे करायचे, आणि निसर्ग दोघांत काही डावं-उजवं करतो का ते मोजायचं. वर्षानुवर्षं फरक सापडत नाही, तरी ही माणसं मोजतातच.

“काका, लोखंड अजिबात लावू नका,” सर म्हणाले होते. “कणभर चिकटलं तरी त्याच्या चुंबकत्वाने आमचं मेजरमेंट खलास.”

केरबाने हिऱ्याच्या हत्याराने कडं कातलं. बुधवारी पुसून उजेडात धरलं, आणि सवयीने हात पंचाकडे गेला. पोलादी पंच. ‘के’ उमटल्यावर त्याच्या लक्षात आलं.

मी वैतागलो. “घासून टाक आणि बॅग भर. कोण बघणार आहे?”

“वरचं जाईल. आत दाबलेलं ऱ्हाईल की. ती माणसं वर्षभर डोकं धरून बसतील, आन् कारण माझ्यापाशी.”

त्याने सरांना खरं सांगितलं. सर रविवारी युरोपला निघणार होते, आणि एवढ्या बारीक मापाचं काम करणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून नवं कडं करायला केरबा थांबला. घरी फोन केला तेव्हा त्याची बायको लक्ष्मीबाई एवढंच म्हणाली, “ह्या बारीला बी?” चडफडत मीच तिकीट पुढे ढकललं.

शुक्रवारी सुट्टीच्या रिकाम्या वर्कशॉपात, लेथपाशी उभ्यानेच त्याने फोनवर बारसं पाहिलं. नाव ठेवलं मुक्ता, त्याच्या आईचं. फोन बंद करून त्याने वाया गेलेलं कडं उचललं आणि ‘के’शेजारी सावकाश ‘मुक्ता’ ठोकलं. मला त्याच्याकडे बघवेना.

“लई थकलोय रे,” तो म्हणाला. पंच खिशात नको म्हणून माझ्या हातात दिला, साबणाने हात धुतले आणि दुसरं कडं कातायला घेतलं.