वरून ओतलेलं पाणी

१२ एप्रिल १९९४. नवा माठ धुताना ओल्या मातीचा वास आला आणि अठ्ठ्याहत्तर सालची परभणीची शाळा आठवली. नामांतराच्या दंगलीत घरं जळालेली बौद्ध कुटुंबं तिथं आसऱ्याला होती. मदतीचं काम मी आणि मालतीबाई चालवत होतो. मालतीबाई घरदार सोडून राबत होत्या. एका म्हातारीच्या ओंजळीत वरून पाणी ओतायला त्यांनी तांब्या उंच धरला. गावाकडची शिवाशिवीची जुनी सवय.

म्हातारीनं हात पुढे केले नाहीत. "गिलास न्हाई का, बाई? घर जळालं म्हणून पुन्ना ओंजळ धरू का?"

"अहो, पाणी स्वच्छ आहे," मालतीबाई म्हणाल्या. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

म्हातारी तहानलेल्या नातीला घेऊन उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरचे पेले नेले. म्हातारी आणि नात जळालेल्या गावाकडे निघून गेल्या होत्या. उरलेल्यांसाठी मी पेले भरायला घेतले.